कंट्रोलरची थरथर: कुठल्या गेमला चालू, कुठल्या गेमला बंद

व्हायब्रेशन चालू ठेवावं की बंद, याचं सगळ्या गेमना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. डोळ्याला न दिसणारी गोष्ट थरथर हाताला सांगत असेल, तर खेळ सुधारतो. तुम्हीच केलेल्या गोष्टीची ती नुसती दवंडी पिटत असेल, तर अंगठा हलवण्यापलीकडे ती काही करत नाही. ब्रेक लावताना गाडीचं चाक जाम झालं हे पडद्यावर उशिरा दिसतं, बोटाला मात्र लगेच कळतं. बंदूक झाडल्याचं कळवायला थरथरीची गरज नाही, ती झाडली तुम्हीच. सेटिंगच्या पानावर जाण्याआधी प्रत्येक गेमला हा एकच प्रश्न विचारा: ही थरथर मला नवीन काय सांगते?

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना जुना आहे. निन्टेन्डो ६४ साठी १९९७ मध्ये रंबल पॅक आला. कंट्रोलरच्या खालच्या खाचेत बसणारा हा डबा दोन ट्रिपल-ए सेलवर चालायचा. (मेमरीचा पॅकही त्याच खाचेत बसत असल्यामुळे काही गेममध्ये सेव्ह करायचं तर थरथर उपसून बाजूला ठेवावी लागे.) १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये ‘स्टोन ऑफ अ‍ॅगनी’ नावाची एक वस्तू मिळते. ती जवळ असली की गुप्त विवराच्या आसपास गेल्यावर कंट्रोलर थरथरतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. ज्याच्याकडे पॅक नाही, त्याला ती खूण मिळतच नाही. थरथरीने खेळ सुधारला असं इथे बेलाशक म्हणता येतं, कारण ती माहिती दुसऱ्या कुठल्याच वाटेने येत नव्हती.

आत नेमकं काय फिरतं

बहुतेक कंट्रोलरच्या दोन्ही मुठींत एकेक छोटी डीसी मोटर असते आणि तिच्या आसावर एका बाजूला जड असलेलं वजन बसवलेलं असतं. वॉशिंग मशीनमध्ये ओली गोधडी एकाच बाजूला गोळा झाली की मशीन जसं नाचतं, तसाच हा प्रकार. डाव्या मुठीतलं वजन मोठं, म्हणून तिथला हादरा जाड आणि संथ. उजव्या मुठीतलं लहान, तिथली गुणगुण बारीक. प्लेस्टेशनच्या १९९७ मधल्या पहिल्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्ये डाव्या मोटरचा वेग कमीजास्त करता यायचा, उजवी मात्र नुसती चालू किंवा बंद. आज पीसीवरच्या एक्सइनपुट पद्धतीत (गेमने कंट्रोलरशी बोलायची मायक्रोसॉफ्टची रीत) गेम दोन्ही मोटरना ० ते ६५५३५ यांमधला एकेक आकडा पाठवतो आणि तेवढ्या जोराने मोटर फिरते.

फिरत्या वजनाची खोड अशी, की त्याला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही. त्यामुळे मशीनगनच्या सुट्या गोळ्या हातात सुट्या लागत नाहीत, सगळ्यांची मिळून एक घरघर होते. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये (२०१७) आणि प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये (२०२०) वजन गरगर फिरत नाही, चुंबकाच्या जोरावर पुढेमागे हलतं. ते चटकन सुरू होतं, चटकन थांबतं, आणि टिचकी, खरखर, थेंब असे वेगवेगळे स्पर्श उमटवू शकतं. त्वचेला सेकंदाला साधारण २५० कंपनं सगळ्यात चांगली जाणवतात. म्हणून छोट्याशा भागाची बारीक गुणगुणही बोटाला स्पष्ट कळते, त्यासाठी अख्खा कंट्रोलर हलवावा लागत नाही.

एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये (२०१३) आणखी दोन मोटर आल्या, थेट ट्रिगरपाशी, म्हणजे तर्जनीने दाबायच्या वरच्या कडेच्या बटणांपाशी. खेळण्याच्या दृष्टीने आजवरची सगळ्यात कामाची भर हीच, आणि तिच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

रेसिंग: इथे चालूच ठेवा

‘फोर्झा’ मालिकेत ब्रेक लावताना चाक जाम झालं की डावा ट्रिगर थरथरतो, अ‍ॅक्सिलरेटर जास्त झाल्यामुळे मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली की उजवा. खऱ्या गाडीत ही खबर पायाला आणि पाठीला मिळते; इथे ती दोन तर्जनींवर येते. तिचा फायदा घ्यायचा तर आधी एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी सोय) बंद करावं लागतं. एबीएस चालू असेल तर चाक जाम होण्याआधी गेमच ब्रेक सोडतो, मग ट्रिगर शिकवणार काय?

सराव असा करा. लांब सरळ रस्ता आणि शेवटी घट्ट वळण असलेला ट्रॅक निवडा. साधी, मध्यम ताकदीची गाडी घ्या, सुपरकार नको. पूर्ण वेगात येऊन डावा ट्रिगर एकदम तळापर्यंत दाबा. चाक जाम होईल, ट्रिगर खरखरेल आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाईल. आता बोट सोडू नका, हळूहळू वर येऊ द्या. एका जागी खरखर तुटते. तुटण्याच्या अगदी खाली, म्हणजे अधूनमधून एखादा चरका लागेल अशा ठिकाणी बोट धरून ठेवा. गाडी सगळ्यात जोरात थांबते ती याच जागी. वेग उतरत जाईल तशी ही जागा सरकते. पंख लावलेल्या रेसिंग गाडीत हे जास्त जाणवतं: वेगात हवेचा दाब तिला खाली रेटत असतो, तो कमी झाला की टायरची पकडही कमी होते, म्हणून वळणाजवळ येताना बोट आणखी थोडं वर घ्यावं लागतं. दहा-पंधरा वेळा केलं की डोळे वळणाच्या आतल्या कडेवर ठेवून ब्रेक नुसत्या बोटाने सांभाळता येतो.

इथे एक सेटिंग बिघडलेली सापडते. गेममध्ये ब्रेकचा डेडझोन (ट्रिगर किंवा स्टिक हलवूनही गेम दखल घेत नाही तो भाग) बाहेरच्या बाजूचा आकडा कमी करून ठेवला असेल, तर ट्रिगर अर्धा दाबला तरी ब्रेक पूर्ण लागतो आणि खरखर तुटण्याची जागा अगदी चिंचोळी होते. आतला डेडझोन ०, बाहेरचा १०० ठेवून सुरुवात करा.

पीएस५ वर ‘ग्रान तुरिस्मो ७’मध्ये हेच काम ट्रिगरच्या विरोधाने होतं, ब्रेकचा ट्रिगर बोटाला ढकलत राहतो. ते ताकदवान आहे, पण तासभर खेळल्यावर बोट दुखतं. ट्रिगर इफेक्ट मध्यमवर ठेवला तरी माहिती तेवढीच मिळते.

गोळीबाराचे गेम: बंद करून पाहा

नेम धरताना उजव्या स्टिकवर अंगठा केसभर हलवायचा असतो. नेमक्या त्याच वेळी गोळीबाराने मूठ हादरते. स्पर्धेत खेळणारे बरेच जण शूटरमध्ये व्हायब्रेशन बंद ठेवतात ते यासाठीच. गोळी लागल्याची खबर आवाज आणि पडद्याची लाल कड दोन्ही देतातच, मग तिसरा दूत कशाला?

थरथरीने स्टिक प्रत्यक्षात किती हलतो, हे तपासता येतं. ब्राउझरमध्ये चालणारी कुठलीही गेमपॅड चाचणी उघडा, जिच्यात स्टिकचे आकडे दिसतात आणि व्हायब्रेशनचं बटणही असतं. अंगठा स्टिकवर हलकेच टेकवा, पूर्ण जोराची थरथर सुरू करा आणि आकडे बघा. मग तेच अंगठा उचलून. दोन्ही वेळा आकडा जवळपास जागीच राहिला, तर तुमच्या कंट्रोलरपुरता हा प्रश्न नाही. अंगठा टेकलेला असताना तो तुमच्या गेममधल्या डेडझोनच्या बाहेर जात असेल, तर थरथर तुमचा नेम हलवते आहे, हे उघड झालं. डेडझोन अगदी बारीक ठेवणाऱ्यांना हे जास्त भोवतं.

ज्याला ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी मात्र हिशेब उलटा. त्याने ती चालूच ठेवावी. २०२२ च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’मध्ये पात्रांचे संवादही ड्युअलसेन्सच्या थरथरीतून उमटवण्याची सोय आहे. वाक्य कुठल्या जोराने, कुठे अडखळत बोललं गेलं ते तळहाताला कळतं.

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. फुटबॉल आणि क्रिकेटमध्ये बंद केली तरी काही बुडत नाही, उलट सेल वाचतात. फायटिंग गेममध्ये बंदच. तालावर बटण दाबायच्या गेममध्ये तर नक्कीच बंद, कारण फिरत्या वजनाचा ठोका तालाच्या मागे पडतो आणि हात त्या उशिराच्या ठोक्याला चिकटतो. मासे पकडणे, कुलूप उघडणे, शोध घेणे अशा ठिकाणी चालू, ‘एल.ए. नॉयर’मध्ये (२०११) पुराव्याजवळ गेलं की कंट्रोलर थरथरतो, त्याशिवाय खोली धुंडाळणं कंटाळवाणं होतं. गोष्टीच्या आणि भीतीच्या गेममध्ये गुणांचा प्रश्नच नाही, मजेसाठी ठेवा. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये सायको मँटिस हा खलनायक कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगतो आणि मग तो ‘मनाच्या शक्तीने’ सरकवून दाखवतो. अशा वेळी मोटर बंद असेल तर बिचाऱ्याची फजिती.

सेटिंग कुठे सापडतं

पीएस५ वर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसरीज, कंट्रोलर या वाटेने गेलं की व्हायब्रेशन आणि ट्रिगर इफेक्ट अशा दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात. पीएस४ वर डिव्हायसेसमधल्या कंट्रोलरच्या पानावर नुसतं चालू-बंद. स्विचवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या कंट्रोलर आणि सेन्सरच्या पानावर. एक्सबॉक्स आणि विंडोजसाठी एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज हे अ‍ॅप. एलिट कंट्रोलर असेल तर मुठी आणि ट्रिगर यांचा जोर वेगवेगळा ठेवता येतो. शूटर खेळणाऱ्याने मुठी शून्यावर आणून ट्रिगर थोडे ठेवून बघावेत.

शक्य असेल तिथे कन्सोलचं सेटिंग चालू ठेवून गेमच्या आतलं बंद करा. उलट केलंत तर महिन्याभराने रेसिंगचा गेम लावाल, ट्रिगर मुका राहील आणि मोटर गेली असं वाटेल.

तुमच्यापुरता निकाल कसा लावायचा

थरथर चालू असली की खेळ ‘चांगला वाटतो’. वाटणं आणि वेळ सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून घड्याळ लावा. एकच ट्रॅक, एकच गाडी. आधी १० फेऱ्या नुसत्या हात बसवायला. मग ५ चालू, ५ बंद, पुन्हा ५ बंद, शेवटी ५ चालू. हा क्रम मुद्दाम असा आहे. आधी सगळ्या बंद आणि मग सगळ्या चालू ठेवल्यात, तर ट्रॅक पाठ झाल्याचं श्रेय फुकट मोटरला जाईल. प्रत्येक पाचातली पहिली फेरी सोडून द्या, हात बदलाला सरावतो आहे. राहिल्या प्रत्येकी ८. त्या वेगाप्रमाणे लावून मधल्या दोन वेळांची सरासरी काढा. सोबत चाक किती वेळा जाम झालं तेही लिहून ठेवा, बहुधा फरक आधी तिथेच दिसतो.

दोन सरासरींमधलं अंतर तुमच्या स्वतःच्या फेऱ्यांमधल्या चढउतारापेक्षा कमी असेल, तर फरक नाही असंच धरा. दुसऱ्या दिवशी बंदपासून सुरुवात करून पुन्हा. शूटरसाठी सरावाची रेंज, एकच बंदूक, एकच अंतर, ३० गोळ्यांची एक मॅगझिन अशा सहा-सहा मॅगझिन दोन्ही प्रकारे आणि लागलेल्या गोळ्यांची मोजणी. आवाज सगळीकडे सारखा ठेवा, नाहीतर कानाचं काम हाताच्या खात्यावर जमा होईल.

थरथर येतच नसेल तर

आधी स्वस्त कारणं. कंट्रोलरमध्ये मोटर आहे का? लॉजिटेक एफ३१० मध्ये ती नाहीच, एफ७१० मध्ये आहे आणि तिच्यासाठी पुढे वेगळं बटणही आहे. ते चुकून दाबलं गेलं की लोक तासभर ड्रायव्हर शोधत बसतात. दोन्हींवर एक्स आणि डी अशी कळ असते. ती डी वर असेल तर बऱ्याच गेमना कंट्रोलर जुन्या पद्धतीचा वाटतो आणि थरथरीचा हुकूम पोचतच नाही. एक्स वर सरकवा, मग गेम पुन्हा सुरू करा. बिनकळीच्या स्वस्त कंट्रोलरवर हाच बदल मधलं मोडचं बटण काही सेकंद दाबून होतो.

ड्युअलसेन्स पीसीला लावताना यूएसबी केबल वापरा. बारीक स्पर्श तिच्यातूनच येतात. ब्लूटूथवर बहुतेक गेम जुन्या पद्धतीची साधी थरथर देतात. केबल नुसती चार्जिंगची असेल तर काहीच होणार नाही, डेटा नेणारी हवी. केबलने लावलेला ड्युअलसेन्स विंडोजला चार चॅनलचं साउंड उपकरण म्हणून दिसतो, त्यातले दोन चॅनल थरथरीचे. विंडोज कधीकधी गेमचा सगळा आवाजच त्याच्याकडे वळवतं आणि स्पीकर गप्प होतो. तेव्हा मूळ आउटपुट परत स्पीकरवर आणा, पण कंट्रोलरचं साउंड उपकरण डिसेबल करू नका, केलंत की स्पर्शही गेले.

एक्सबॉक्स कंट्रोलरच्या मुठी थरथरतात पण ट्रिगर नाहीत, असं पीसीवर झालं तर मोटर खराब समजू नका. एक्सइनपुटला दोनच मोटर ठाऊक आहेत, ट्रिगरच्या दोन्ही त्याच्या हिशेबातच नाहीत. गेमने नवी पद्धत वापरली असेल तरच ते हलतात. वापरली असूनही हलत नसतील, तर स्टीम इनपुट (स्टीम या गेमच्या अ‍ॅपमधली कंट्रोलर हाताळायची सोय) त्या गेमपुरतं बंद करून पाहा.

थरथर सुरू होताच कंट्रोलरचं कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं जातं? सेल उतरलेत. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, दमलेल्या सेलचा व्होल्टेज त्या झटक्यात पडतो.

आणि थरथर थांबतच नसेल तर बहुधा गेम मध्येच कोसळलेला असतो. शून्याचा हुकूम येईपर्यंत मोटर शेवटचा आकडा धरून फिरत राहते. कंट्रोलर बंद करून चालू करा. कशालाही न जोडता नुसता चालू केल्यावरही फिरत असेल, तर बोर्डावरचा मोटर चालवणारा भाग शॉर्ट झालाय. मोटर बदलून उपयोग नाही.

उघडायची वेळ आली तर

हे फिरत्या वजनाच्या मोटरपुरतं, जॉय-कॉन किंवा ड्युअलसेन्सला लागू नाही. एक्सबॉक्स वनला मध्ये भोक असलेला टॉर्क्स टी८ पाना लागतो. मुठींच्या बाजूच्या पट्ट्या प्लास्टिकच्या पातीने सोडवा, आत चार स्क्रू. पाचवा सेलच्या खणात लेबलखाली लपलेला. तो न काढता ओढलंत तर कवच फुटतं. ड्युअलशॉक ४ ला मागे चार बारीक फिलिप्स स्क्रू. कवच वेगळं करताना चार्जिंगच्या बाजूची चपटी रिबन आधी सोडवा, ओढाताणीत तीच फाटते.

मोटर दिसली की आधी वजनाला गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढा. कंट्रोलर पडल्यानंतर खडखड सुरू झाली असेल तर मोटर खोबणीतून सरकून वजन कवचाला घासत असतं. ती नीट बसवा, सैल असेल तर मोटरच्या अंगाला, वजनाच्या बाजूला नव्हे, पातळ फोमची पट्टी लावा. गरम गोंद वापरू नका, त्याचे तंतू वजनापर्यंत जातात.

मोटर मुकीच असेल तर तिची एक तार डाग (सोल्डर) काढून सोडवा आणि मोटरच्या दोन्ही टोकांना १.५ व्होल्टचा डबल-ए सेल लावा. तार न सोडवता सेल लावलात तर करंट बोर्डातही शिरतो. फिरली तर दोष तारेत किंवा बोर्डावर. बहुतेक वेळा तार डागापाशीच तुटलेली असते. फिरली नाही तर मोटर बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अशा मोटर विचारता येतात, पण जुनी सोबत न्या. वजनाचा आकार जुळला नाही तर ती खोबणीत बसेल पण फिरणार नाही. डावीच्या जागी डावीच घ्या. डाग देताना सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून दोन-तीन सेकंदांत काम उरका. जास्त वेळ टेकवलं तर बोर्डावरचा तांब्याचा पत्रा सुटतो.

हाताबद्दल एक गोष्ट. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाची नोंद छापून आली होती. तो दिवसाला सात तासांपर्यंत खेळायचा, थरथर चालू ठेवून, आणि त्याच्या हातांत कंप पावणारी यंत्रं चालवणाऱ्या कामगारांसारखी लक्षणं दिसली. खेळून उठल्यावर बोटांना मुंग्या येत असतील किंवा ती पांढरी पडत असतील, तर मोटर बंद करा, जोर कमी करून भागवू नका. आणि बंद केल्यावरही तसंच होत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.